फलकावरचे सिनेमे : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

वाचनालयाच्या दाराशेजारच्या फलकाची उजवी बाजू आजपासून सिनेमासाठी मिळाली. ग्रंथपालकाकांनी जुनी कात्रणं काढून डावीकडे सरकवली आणि टाचण्यांची डबीसुद्धा दिली. साधारण पंधरा दिवसांनी कागद बदलायचा. त्यावर मी नुकतेच पाहिलेले सिनेमे आणि प्रत्येकाबद्दल चार-पाच ओळींत मत.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही, जेवणं उरकली की बघणारी आहे. फलक वाचणारेही बघणारेच आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बायका, शिलाई करणाऱ्या, कॉलेजची मुलं. रात्रपाळी सांभाळून त्यांना एखादी संध्याकाळ मोकळी मिळते. "अक्का, हा बघावा का नको, तेवढं सांगा की," असं मला कारखान्यात रोज कुणीतरी विचारतं. ते सांगण्यासाठी हा कागद.

ठरवलेल्या गोष्टी: भाषा आणि लांबी आधी लिहायची. पोराबाळांबरोबर बसून बघता येतो का, हे लिहायचं. शेवट फोडायचा नाही. तारे द्यायचे नाहीत. अक्षर मोठं, कारण संध्याकाळी दाराशी उजेड कमी असतो.

आणि पहिल्या काही कागदांसाठी विषय एकच, माणसाचं काम. आपल्या सिनेमात नायक गवंडी असतो, ड्रायव्हर असतो, विणकर असतो, पण तो काम करताना फारसा दिसत नाही. ओळख करून देण्यापुरतं अवजार हातात येतं आणि मग गोष्ट दुसरीकडेच निघून जाते. सोलापुरात हे खपत नाही. तुटलेलं टोक शोधून चालत्या मागापाशी गाठ मारणं ज्याने जन्मभर केलंय, त्याला नटाचा हात लगेच कळतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला कागद मालेगावच्या सिनेमाने सुरू करतेय. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', दिग्दर्शन रीमा कागती, फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरात लागला होता. मालेगावही आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच माणसांना घेऊन गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या विनोदी आवृत्त्या काढल्या, त्याची ही गोष्ट. त्यांचा मित्र शफीक मागावर काम करायचा आणि त्याला पडद्यावर दिसायचं होतं.

मला सिनेमा आवडला, आणि सगळ्यात जास्त आवडली ती मैत्रीतली तेढ. लिहिणारा एकीकडे, नाव होणारा दुसरीकडे, आणि पैशाचा विषय निघाला की सगळ्यांची तोंडं फिरलेली. विनीतकुमार सिंगने लेखकाचा राग छान सांभाळलाय. तो मोठ्याने बोलतो तेव्हाही आपल्याला त्याची बाजू पटत राहते. शशांक अरोराचा शफीक बघताना मला आमच्या कारखान्यातली दोन-तीन पोरं आठवली. तक्रार: माग थोडे कमी दिसले. मालेगावात आवाज रात्रंदिवस कानात असणार, तो मला अजून ऐकायचा होता.

हा बघून झाल्यावर फैज़ा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट परत पाहिला. २००८ चा. खरे नासिर शेख आणि खरे शफीक त्यात आहेत. सायकलवर कॅमेरा धरून केलेली ट्रॉली, बैलगाडीची केलेली क्रेन. शूटिंग चालू असताना मधेच नायकाचं लग्न निघतं. आकाशात उडणारा माणूस दाखवायचाय आणि हातात साहित्य जवळपास काही नाही, अशा वेळी ही मंडळी ज्या गांभीर्याने डोकं लावतात, ते बघून ऊर भरून येतो. तो विनोद करायला निघालेला माणूस कामाच्या बाबतीत एवढा काटेकोर आहे की काय सांगू.

फलकावरचा मजकूर:

"सुपरबॉइज ऑफ मालेगाव. हिंदी. दोन तासांच्या थोडा वर. घरच्यांबरोबर बघा. मागावरून सुटून शूटिंगला जाणाऱ्या माणसांची गोष्ट. जमलं तर आधी माहितीपट बघा, मग हा. दोन्ही बघितलेत तर संध्याकाळ कारणी लागेल."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. कारखान्यात दिवाळीचा माल निघतोय, बघायला वेळ नाही. फलकावर कुणीतरी पेन्सिलने खाली लिहिलंय, "मोबाईलवर कुठे मिळतो?" रास्त आहे. पुढच्या कागदापासून ते पण टाकायचं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजेला माहेरी सगळ्या बायका मिळून 'नाच गं घुमा' पाहिला. परेश मोकाशी यांचा, २०२४ मधला. मुक्ता बर्वे नोकरी करणारी बाई, नम्रता संभेराव तिच्याकडे कामाला येणारी आशाताई. घरकाम हा विषय घेऊन अख्खा सिनेमा उभा राहतो, ही मोठी गोष्ट. आशाताई उशिरा आली तर एका घराचं घड्याळच कोलमडतं, हे दाखवताना दोघींपैकी कुणालाही खलनायिका केलेलं नाही. नम्रता संभेरावचं विनोदाचं टायमिंग जबरदस्त, पण मला ती गप्प असतानाही आवडली. उत्तरार्धात प्रसंगांची रेलचेल होते, थोडं आवरतं घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सांगितलंय बघायला. त्यांचं मत आलं की ते माझ्या मताच्या वर लावायचं.

'दशावतार' सप्टेंबरात थिएटरात पाहिला होता, त्याची नोंद राहिली होती. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी कोकणातल्या दशावतारी कलावंताचं काम करतात. नजर अधू होत चाललेला माणूस, मुलगा म्हणतोय आता थांबा, आणि याला थांबणं जमत नाही. रंग लावून उभा राहिला की त्याचा कणाच वेगळा होतो. पुढची सूडाची गोष्ट ठीक आहे, नेहमीच्या वळणाची. पण तो म्हातारा कलावंत आणि त्याचं त्याच्या कामावरचं प्रेम, यासाठी मोठ्या पडद्यावर बघायला हवा असाच तो होता.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. गल्लीतले निम्मे लोक पंढरपूरला. शेजारच्या अव्वांचे गुडघे चालत नाहीत म्हणून त्या घरीच. त्यांना आमच्याकडे बोलावलं आणि 'मल्लेशम' लावला.

तेलुगू सिनेमा, २०१९ चा, दिग्दर्शक राज आर. चिंतकिंदी मल्लेशम या खऱ्या माणसावर. तेलंगणातल्या आलेरजवळच्या खेड्यातले विणकर, शाळा लहानपणीच सुटलेली. पोचमपल्ली साडीचं सूत रंगवण्याआधी ते खुंट्यांभोवती अर्धगोल फिरवून गुंडाळावं लागतं. याला आसू म्हणतात आणि हे काम घरातल्या बायका करतात. एका साडीसाठी हात हजारो वेळा पुढे-मागे जातो. आईचा खांदा कामातून गेलेला बघून हा मुलगा यंत्र करायला घेतो. कर्ज होतं, लोक नावं ठेवतात, भाग जुळत नाहीत. १९९९ मध्ये यंत्र पुरं झालं. आईच्या नावावरून त्याला लक्ष्मी आसू यंत्र म्हणतात, आणि २०१७ मध्ये मल्लेशम यांना पद्मश्री मिळाली.

अव्वांचं माहेर तिकडचंच. त्या खाली बसून, भिंतीला टेकून बघत होत्या. आई खुंट्यांपुढे बसून सूत फिरवते तो भाग आला तेव्हा म्हणाल्या, "थांबव जरा." मी थांबवला. त्यांनी उजवा हात उचलला, खांद्याच्या वर जाईना. तिथेच धरून ठेवला. "मी आसू नाही केलं ग. मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, नंतर विड्या वळल्या. पण दुखणं हेच. रात्री कूस बदलायची तर डाव्या हाताने उजवा हात उचलून ठेवायचा." मग म्हणाल्या, "लाव आता." पुढचा सगळा सिनेमा त्या मला तेलुगूतून मराठीत सांगत होत्या. खाली इंग्रजी पट्टी चालू होती, तिची गरज पडली नाही.

प्रियदर्शी नावाच्या नटाने मल्लेशमचं काम केलंय. हुशारी मिरवत नाही, डोळ्यात सारखं एकच कोडं असतं. झाशीने केलेली आई मला त्याच्याहून थोडी जास्त आवडली. ती मुलाला प्रोत्साहन वगैरे देणारं बोलत नाही, तिला फक्त खांदा दुखायचा थांबायला हवाय. सिनेमा अधूनमधून रेंगाळतो, तरी मला त्याचा कंटाळा आला नाही. एक पट्टी, एक खिळा, एक चाक जुळवताना कॅमेरा थांबून बघतो. शोध लावणाऱ्या माणसाचे सिनेमे बहुधा एका क्षणात डोक्यात दिवा लागला असं दाखवतात. इथे कित्येक वर्षं लागतात आणि ती वर्षं घरातल्या बाकीच्यांना किती महाग पडतात ते दिसतं.

हा कागद मोठा करायचा. फलकावर मराठीत आणि खाली तेलुगूत. तेलुगू मजकूर अव्वांची नात लिहिणार.

"मल्लेशम. तेलुगू. आईला जरूर बरोबर घेऊन बघा. ज्यांच्या घरात कांड्या भरलेल्या आहेत त्यांनी चुकवू नये."

९ नोव्हेंबर, रविवार

विणकरांचा आणखी एक, 'कांचीवरम'. तमिळ. प्रियदर्शन यांचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि प्रकाश राज यांना अभिनयाचा. कांचीपुरमचा रेशीम विणकर मुलीच्या जन्माच्या वेळी बोलून बसतो की तिचं लग्न रेशमी साडीत लावीन. मजुरी इतकी की स्वतः विणलेली साडी घरात येणं शक्य नाही. मग तो रोज थोडं रेशीम तोंडात लपवून घरी आणतो आणि रात्री चोरून विणतो. एकीकडे विणकरांचा संप उभा राहतोय आणि त्यात हाच पुढे आहे.

फार चांगला आणि फार जड. तोंडात सूत धरलेला माणूस फाटकातून बाहेर पडताना बोलू शकत नाही, हसू शकत नाही, त्या चेहऱ्यावरून माझी नजर हलली नाही. मुलीवरचं प्रेम आणि सोबत्यांशी इमान यांची गाठ अशी बसते की कुठलंही टोक ओढलं तरी आवळतेच. शेवटी मला सुन्न व्हायला झालं.

फलकावर ठेवायचा का, यावर काकांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, दिवसभर राबून आलेल्या माणसाला पुन्हा तेच दुःख कशाला. माझं म्हणणं, सांगून ठेवू आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडू. शेवटी मजकुरात पहिली ओळ ही घातली: "मन घट्ट असेल त्या दिवशी बघा." लहान मुलांबरोबर नको, हेही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाचनालयात एकत्र बसून बघायचं का, असं बरेच जण विचारत होते. त्यासाठी परवानगीचा प्रश्न येतो. घरी भरलेल्या वर्गणीवर चार लोकांना जमवून जाहीर खेळ लावता येत नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. म्हणजे जुने सिनेमे लावायला मोकळीक आहे. सुरुवात चार्ली चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'ने केली. १९३६ चा, दीड तासाच्या आत संपतो, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं, त्यामुळे हा सगळ्यांचा.

मागची खोली भरली. पोरं पुढे सतरंजीवर. कामगाराला जेवू घालणारं यंत्र बिघडतं तिथे पोरं इतकी हसली की शेजारच्या किराणा दुकानातले मालक डोकावून गेले. पण मी बघत होते ते मागे उभ्या असलेल्या जॉबरमामांकडे, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखरेख बघणाऱ्या मामांकडे. पट्ट्यावर नटबोल्ट आवळून आवळून चार्लीचे हात काम थांबल्यावरही तसेच झटके देत राहतात, तेव्हा सगळे हसले आणि मामा हसले नाहीत. नंतर म्हणाले, "मला रविवारी घरी झोपलो तरी माग चाललेला ऐकू येतो. आवाज थांबला की जाग येते." त्यांनी ते अगदी सहज सांगितलं.

माझं मत: करमणूक म्हणून पहिल्या प्रतीचा, आणि कामाच्या वेगाबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. मधला प्रेमाचा आणि कॅफेचा भाग मला पूर्वी लांबलेला वाटायचा. सगळ्यांत बसून बघताना तो मुलांना सगळ्यात जास्त आवडला असं दिसलं.

३० नोव्हेंबर, रविवार

'होमबाउंड'. नीरज घायवान यांचा, भारतातर्फे ऑस्करला पाठवलेला. थिएटरात राहून गेला होता, आता मोबाईलवर आलाय म्हणून कारखान्यातल्या पोरांनी माझ्या आधी पाहिला आणि माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, "तुम्ही एकट्या बघा."

उत्तरेकडच्या खेड्यातले दोन दोस्त, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी अंगात आली की लोक नाव विचारून तोंड वाकडं करणार नाहीत. परीक्षा होते, निकाल लागत नाही. घर चालवायला सुरतेच्या कापड गिरणीत जावं लागतं. मग २०२० ची टाळेबंदी. गोष्ट खऱ्या दोन मित्रांवरून घेतलीय. पत्रकार बशारत पीर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला होता.

ईशान खट्टर चांगला आहे, विशाल जेठवा त्याहून चांगला. त्याचा चंदन अर्ज भरताना एका रकान्यापाशी थबकतो, आपली जात लिहायची की नाही या पेचात. पेन धरलेला माणूस एवढंच दृश्य, आणि त्यात सगळं येतं. आईच्या टाचांच्या भेगा दाखवल्यात, त्याही कुणी बोलून दाखवत नाही, फक्त दिसतात. गिरणीचा भाग छोटा आहे. पण पाळी संपल्यावर एका खोलीत दाटीवाटीने झोपणं, जेवण करणं, पैसे घरी पाठवण्याचा हिशेब, हे सगळं खरं वाटलं. जान्हवी कपूरच्या वाट्याला फार काही आलेलं नाही, तिची बाजू अजून हवी होती.

हैदराबादहून पुण्याला जाणारा रस्ता सोलापुरातूनच जातो. त्या उन्हाळ्यात पाठीवर बोचकं, काखेत लेकरू घेऊन चालणारी माणसं या रस्त्याने गेली. आमच्या कारखान्यातले ओडिशा, उत्तर प्रदेशकडचे कामगारही त्या वेळी निघून गेले, काही परत आलेच नाहीत. त्यांचे राहिलेले पैसे वहीत 'देणे' म्हणून माझ्या हाताने लिहिलेले होते. मालकांनी बऱ्याच जणांना नंतर पाठवले. ज्यांचा फोनच लागत नव्हता त्यांचं खातं मी दर वर्षी नव्या वहीत पुढे ओढते. सिनेमा बघताना ती नावं डोळ्यापुढे येत होती.

फलकावरचा मजकूर:

"होमबाउंड. हिंदी. साधारण दोन तास. मोठ्या मुलांना बरोबर घ्या, लहानांना नको. दोस्ती काय असते ते यात बघा. यंदा पाहिलेल्यांत माझा सगळ्यात आवडता."

९ डिसेंबर, मंगळवार

आज युद्धकाळात चीनला जाऊन जखमींवर उपचार करणारे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची पुण्यतिथी. सकाळी कारखान्यात जाताना वाट वाकडी करून भैय्या चौकाकडे त्यांच्या स्मारकावरून गेले. संध्याकाळी वाचनालयात 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. १९४६ चा सिनेमा, परवानगीचा प्रश्न नाही.

दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि कोटणीसही तेच. चिनी परिचारिकेच्या भूमिकेत जयश्री. संगीत वसंत देसाई. पडद्यावर सोलापूरचं नाव निघालं की खोलीत कुजबूज सुरू व्हायची. वडील-मुलाचा प्रसंग आजही पकड घेतो. मुलगा डॉक्टर होऊन आलाय, गावात दवाखाना थाटून बसेल अशी घरच्यांची आस, आणि हा म्हणतो मला चीनला जायचंय. केशवराव दाते यांनी वडिलांचा अभिमान आणि पोटातली कालवाकालव एकदमच दाखवलीय.

ज्या गोष्टी आज खटकतात त्याही कागदावर लिहिल्या. चिनी माणसांची कामं आपल्याच नटांनी रंगरंगोटी करून केलीत, ते बघायला अवघड जातं. युद्धाच्या काळातला सिनेमा, त्यामुळे भाषणं बरीच. आणि शेवटाकडे तो खऱ्यापासून दूर जातो. सिनेमात त्यांना प्लेग होतो. खरे कोटणीस १९४२ मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी गेले, वय ३२. तिथेच त्यांनी लग्न केलेलं होतं, मुलगा काही महिन्यांचा होता. शाळेतल्या एका मुलीने विचारलं, "मग खरं का नाही दाखवलं?" मी तिला सांगितलं की लढता लढता गेलेला नायक त्या काळी लोकांपुढे उभा करायचा होता. तिला ते पटलेलं दिसलं नाही. मलाही वाटतं, थकून, आजारी पडून, तरीही शस्त्रक्रिया करत राहिलेला डॉक्टर दाखवला असता तर तो कमी मोठा झाला नसता.

२१ डिसेंबर, रविवार

'आता थांबायचं नाय!' शिवराज वायचळ यांचा, यंदाच्या महाराष्ट्र दिनी लागलेला. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, खऱ्या घटनेवरून. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, अधिकाऱ्याच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, शिकवणारे ओम भुतकर.

काही ठिकाणी डोळ्यातून पाणी काढायचंच असं ठरवून प्रसंग रचलेत, ते जाणवतं. तरी मला हा सिनेमा मनापासून आवडला. गटाराचं काम करून आलेला माणूस बाकावर बसतो आणि अक्षर काढताना त्याच्या बोटांना पेन सापडत नाही, हे बघताना खोटं काही वाटत नाही. भरत जाधवला इतकं आतून काम करताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

हा कागद लावल्यावर जे झालं ते नोंदवायलाच हवं. विडीकाम करणाऱ्या दोघी जणी वाचनालयात आल्या, सिनेमा पाहून आल्या होत्या. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कसा असतो, तो आपल्याला भरता येतो का, विचारत होत्या. एकीची शाळा सातवीत सुटलेली, दुसरीची नववीत. काकांनी बोर्डाची माहिती काढायचं कबूल केलंय. ती फलकाच्या डाव्या बाजूला लावायची आणि सिनेमाचा कागद ती लागेपर्यंत काढायचा नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

दोन सिनेमे, थोडक्यात.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट', पायल कपाडिया. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्याच इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वतीचं काम छाया कदम करतात. राहत्या खोलीचे कागद हाताशी नाहीत म्हणून बिल्डर बाहेर काढतोय, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. संथ आहे, रात्रपाळी करून आलात तर झोप लागेल, म्हणून सुट्टीच्या दुपारी बघा. मोठ्यांसाठी.

'साबर बोंडं', रोहन कानवडे. सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळवलेला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, तिथे भेटलेला जुना मित्र, आणि दोघांतली ओढ. सुतकातल्या दहा दिवसांचे नियम, नातेवाइकांचे लग्नावरून टोमणे, सगळं जसंच्या तसं. मला सगळ्यात भावली ती आई. तिला मुलाबद्दल सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या पाठीशी उभी आहे, तेही आवाज न चढवता. या सिनेमाबद्दल फलकावर लिहू नका असं एकाने सुचवलं. लिहिलं.

११ जानेवारी, रविवार

उद्या सोलापूरचा हुतात्मा दिन, सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या गड्ड्याची दुकानं लागलीत, होम मैदानाकडे पाय ठेवायला जागा नाही. पुढचे आठ दिवस वाचनालयात कुणी फिरकणार नाही, म्हणून नवा कागद आजच लावून टाकला.

त्यावर 'फँड्री'. २०१३ चा, नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा सिनेमा. ते आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडच्या जेऊरचे. मी तो आधी पाहिलेला होता, या कामासाठी परत पाहिला. किशोर कदम यांनी केलेला कचरू डुक्कर धरण्याचं काम घेतो आणि सगळ्या घराला त्यासाठी पळावं लागतं. पोरगा जब्या, सोमनाथ अवघडे, शाळेतल्या मुलांच्या नजरेपासून लपत लपत धावतोय. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर तेवढं निघून जातं. माणसाला लाज वाटावी असं काम त्याच्यावर कुणी लादलं, हा प्रश्न तो सिनेमा एकदाही तोंडाने विचारत नाही. ज्यांनी फक्त 'सैराट'ची गाणी ऐकलीत त्यांनी हा बघायलाच हवा.

आजच्या कागदावर पहिल्यांदा माझ्याशिवाय इतरांची मतं आहेत. 'नाच गं घुमा'वर मावशींचं: "आशाताईला सुट्टी मागायला जेवढं बोलावं लागतं तेवढंच मला लागतं. बाई चांगली दाखवली." जॉबरमामांनी 'सुपरबॉइज'वर दिलंय: "शफीकच्या हाताला कामाची सवय दिसते. मी पास करतो." मामांचं मत टाचणीने माझ्या मजकुराच्या वर लावलंय.

पुढच्या कागदासाठी: 'मशिन्स', राहुल जैन यांचा गुजरातच्या कापड कारखान्यावरचा माहितीपट, कारखान्यातल्या पोरांबरोबर बसून बघायचा. अव्वांना अजून एक तेलुगू हवाय, या वेळी त्यांनी सांगितलंय की विणकराचा नको, नाचगाण्याचा आण. त्यांच्या नातीला यादी करायला सांगितलीय. सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काकांकडून घ्यायची आहे.